रोजचंच विमान, रोजचीच तपासणी: प्री-फ्लाइट करताना लक्ष कसं टिकवायचं

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर, एप्रनवर (विमानं उभी करायच्या जागी) उभ्या असलेल्या सेसना १५२ या छोट्या विमानाभोवती उड्डाणापूर्वीची (प्री-फ्लाइट) पहिली तपासणी फेरी मारायला नवशिक्या विद्यार्थ्याला सहज अर्धा तास लागतो. दोन-तीन महिन्यांनी तोच विद्यार्थी ती सात-आठ मिनिटांत उरकतो. क्रम तोंडपाठ झालेला असतो, हात आपोआप चालतात, आणि याच टप्प्यावर मला त्याची काळजी वाटू लागते. नवशिक्याला काय पाहायचं हे ठाऊक नसतं, म्हणून तो विचारत राहतो. सरावलेल्याला काय दिसणार हे आधीच ठाऊक असतं, म्हणून तो पाहायचं थांबतो.

हा लेख अशा सरावलेल्यांसाठी आहे: पन्नास-साठ तास उडालेले विद्यार्थी, लायसन्स हाती असलेले पायलट, आणि विमानतळाजवळच्या मिहानकडे विमान-देखभालीचं काम शिकणारी मुलं. उदाहरणं मुख्यतः सेसना १५२ ची आहेत, कारण ट्रेनिंगमध्ये अनेकांची सुरुवात तिच्यापासून होते. तुमच्या विमानाच्या हँडबुकात वेगळं काही दिलं असेल तर तेच अंतिम समजा.

लक्ष का सुटतं, हे आधी नीट समजून घ्या

‘नीट लक्ष दे रे’ असं बजावून कोणाचं लक्ष टिकलेलं मी पाहिलेलं नाही. लक्ष सुटतं त्यामागे आळस क्वचितच असतो. २००५ साली जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विमानतळावरच्या सामान-तपासणीसारखं काम लोकांना दिलं होतं: चित्रांच्या गर्दीत एक ठरावीक वस्तू शोधायची. निम्म्या चित्रांत ती वस्तू होती तेव्हा लोकांच्या नजरेतून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरातल्या एकाच चित्रात ती ठेवली, तेव्हा निसटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवर गेलं. माणसं तीच, डोळे तेच. बहुतेक वेळा काही सापडत नाही असं दिसलं की मेंदू लवकर ‘नाही’ म्हणून मोकळा होतो.

आपल्या आज्या तांदूळ निवडायच्या तेव्हा सुपात खडे भरपूर असायचे आणि त्यांच्या नजरेतून एकही सुटत नसे. आता पाकिटातला तांदूळ इतका स्वच्छ येतो की आपण निवडायला बसलो तरी एखादाच असलेला खडा थेट दाताखाली येतो. चांगली देखभाल असलेलं विमान त्या पाकिटातल्या तांदळासारखं असतं. महिनोन्‌महिने त्यात काहीच सापडत नाही.

एका मागोमाग विमानं तपासणाऱ्या लाइनवरच्या तंत्रज्ञांसाठी आणखी एक गोष्ट. नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्ये रडार-चालकांच्या कामावर बेतलेल्या प्रयोगात दाखवलं की एकसुरी पहारा देताना पहिल्या अर्ध्या तासातच दोष पकडण्याची क्षमता घसरते. म्हणून सलग तपासण्या असतील तर मध्ये दहा मिनिटांचं वेगळं काम घ्या. चहा चालेल, कागदपत्रं चालतील, फक्त डोळ्यांचं काम बदलायला हवं.

सराव कुठपर्यंत नेतो याचं सगळ्यांत अस्वस्थ करणारं उदाहरण ३१ मे २०१४ चं आहे. अमेरिकेत बेडफर्ड इथे एक गल्फस्ट्रीम जेट गस्ट लॉक (उभ्या विमानाचे कंट्रोल्स वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावायचा खटका) लावलेलाच ठेवून धावपट्टीवर धावलं आणि उडूच शकलं नाही. सात जण गेले. वैमानिक अनुभवी होते, वर्षानुवर्षं एकत्र उडत होते. तपासात विमानाच्या रेकॉर्डरची माहिती काढली, तेव्हा आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा त्यांनी कंट्रोल्सची पूर्ण तपासणी केलीच नव्हती असं दिसलं. १९३५ साली ओहायोत बोइंगचं मॉडेल २९९ कोसळलं तेही गस्ट लॉक न काढल्यामुळे, आणि त्याच अपघातानंतर वैमानिकांच्या हातात चेकलिस्ट आली. पुढे ७९ वर्षांनी, चेकलिस्ट जवळ असताना, तोच लॉक तसाच राहिला.

पायरी १: विमानाचा कालचा दिवस विचारा

तपासणीची सुरुवात विमानापाशी होत नाही. टेक लॉग (विमानाची उड्डाणं आणि दोष नोंदवायची वही) उघडा आणि एएमईंना (विमान-देखभाल इंजिनिअरना) किंवा हँगरमधल्या दादांना विचारा: मागच्या उड्डाणानंतर या विमानाचं काय काय झालं? हा प्रश्न मी सगळ्यांत वर ठेवतो, कारण उत्तर मिळताच ‘सगळं बघ’ या ढोबळ कामाचं ‘अमुक शोध’ असं नेमकं काम होतं.

विमान धुतलं असेल तर चिकटपट्टी आणि पाणी शोधा. बरेच दिवस उभं असेल तर घरटी, माती, बसलेले टायर. इंधन भरलं असेल तर टाकीचं झाकण, आणि भरलं ते कोणतं. देखभालीहून आलं असेल तर सैल राहिलेलं फास्टनर, विसरलेलं अवजार, उलट जोडलेली केबल. रात्री वादळ होऊन गेलं असेल (एप्रिल-मेत आपल्याकडे हे नवीन नाही) तर रडर (शेपटीचा उभा हलता भाग) आणि एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलता भाग) यांचे बिजागर, दोरांनी ओढले गेलेले टाय-डाऊन रिंग, आणि शेजारचं काही येऊन आदळल्याच्या खुणा. हँगरमधून नुकतंच ढकलून बाहेर काढलं असेल तर पंखांची टोकं आणि शेपूट.

फेरी सुरू करण्यापूर्वी स्वतःशी एक वाक्य बोला: ‘आज या विमानात एक दोष आहे, तो मला शोधायचा आहे.’ ‘सगळं ठीक आहे ना’ हे तपासायला निघालेल्या माणसाला सगळं ठीकच दिसतं.

पायरी २: आधी लांबून पाहा

वीसेक पावलांवर थांबा. फोन सायलेंट करून बॅगेत टाका. एव्हगॅसच्या (विमानाच्या पेट्रोलच्या) जवळ तो हातात नसणंच बरं. आता विमानाकडे पूर्ण पाहा. दोन्ही पंख सारख्या उंचीवर आहेत का? नाकाचा स्ट्रट (पुढच्या चाकाचा दांडा) नेहमीपेक्षा खाली बसलाय का? पोटाखाली ओलसर डाग आहे का? दोर, चोक (चाकांना लावलेल्या अडणी), लाल फिती (उड्डाणाआधी काढायच्या वस्तूंना बांधलेल्या) कुठे कुठे आहेत? लाल फिती आत्ताच मोजा आणि आकडा लक्षात ठेवा. निघताना तितक्याच वस्तू हाताशी यायला हव्यात. जवळ गेल्यावर ही ठेवण दिसत नाही, तिथे फक्त भाग दिसतात.

पायरी ३: कॉकपिट

हे पटकन होतं. कंट्रोल लॉक (१५२ मधला गस्ट लॉक) काढा, इग्निशन बंद असल्याची खात्री करा, मास्टर सुरू करून इंधनाचे काटे पाहा, फ्लॅप उतरवा, मास्टर बंद, फ्युएल व्हॉल्व्ह चालू. काढलेला लॉक सीटवर टाकू नका, त्याच्या ठरलेल्या जागीच ठेवा.

इथेच कंट्रोल्स पूर्ण फिरवून बघा, आणि इंजिन सुरू झाल्यावर पुन्हा. नुसतं ‘मोकळे आहेत’ एवढ्यावर थांबू नका, ‘बरोबर दिशेने’ हालतात का ते पाहा. योकवर (विमानाच्या स्टिअरिंगवर) अंगठा उभा ठेवा. डावीकडे वळवल्यावर अंगठा ज्या पंखाकडे झुकतो त्याचं एलेरॉन वर गेलं पाहिजे. देखभालीहून आलेल्या विमानात हे दोनदा करा.

पायरी ४: हात लावा आणि आकडा बोला

आता फेरी: शेपूट, उजवा पंख, नाक, डावा पंख. क्रम हँडबुकातलाच ठेवा. कंटाळा घालवण्यासाठी क्रम उलटा करायचा सल्ला काही जण देतात, मला तो पटत नाही. मुख्य फेरीचा क्रम मोडला की काय राहिलं ते कळायची सोय जाते. उलटी फेरी जरूर मारा, पण शेवटी आणि जादाची म्हणून.

नजर घसरते, बोट घसरत नाही. बिजागराच्या पिनला बोट लावा, स्प्लिट पिन वाकवलेली आहे का चाचपा, ट्रिम टॅब (शेपटीवरची छोटी हलती पट्टी) हलवून सैलपणा पाहा, पंखाच्या पुढच्या कडेवरून तळवा फिरवा. प्रॉपेलरच्या कडेवरून बोट सांभाळून फिरवा, पण तो कधीही जिवंत आहे असंच समजा: इग्निशन बंद असलं तरी त्याच्या फिरण्याच्या रेषेत उभं राहू नका आणि त्याला हाताने फिरवू नका. खडे उडालेल्या जागेवरची लहानशी खाच नखाला अडकते, डोळ्याला दिसत नाही.

आणि बोला, मोठ्याने. जपानी रेल्वेतले कर्मचारी सिग्नलकडे बोट दाखवून तो काय आहे ते उच्चारतात. १९९४ साली तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेने केलेल्या प्रयोगात बोट आणि आवाज या जोडीने चुका सुमारे एक षष्ठांशावर आल्या. आपण मात्र बोलताना एक गडबड करतो, ‘टायर ओके, ऑइल ओके, कॅप ओके’. ‘ओके’ हा निकाल झाला, निरीक्षण नव्हे. तो न पाहताही देता येतो. जे दिसलं ते उच्चारा:

‘तेल, पाच क्वार्ट.’ (१५२ मध्ये चारपेक्षा कमी असेल तर उड्डाण नाही.)
‘उजवा टायर, खाचा दिसतात, चीर नाही, रिम आणि टायरवरच्या घसरण-खुणा जुळल्या.’
‘डाव्या टाकीची टोपी, घट्ट, दोन्ही बाजूंनी हलवून पाहिली.’

मराठीत बोला, वऱ्हाडीत बोला. विद्यार्थ्यांना आधी लाज वाटते, शेजारच्या विमानापाशी कोणीतरी हसेल म्हणून. आठवड्यात ती जाते.

पायरी ५: इंधन, घाई न करता

फेरीतला सर्वाधिक वेळ मी इथे देतो. पावसाळ्यात झाकणाच्या जुन्या रबरातून पाणी झिरपतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री गारठा पडला की अर्ध्या भरलेल्या टाकीतली ओलसर हवा आतल्या भिंतीवर दवासारखी जमते. दोन्ही वेळा पाणी तळाला जातं आणि इंजिनाकडे जाणारा रस्ता तळातूनच निघतो.

प्रत्येक ड्रेनमधून (तळाच्या निचऱ्याच्या तोंडातून) नमुना घ्या, दोन्ही पंखांखालचा आणि स्ट्रेनरचा (इंधनाच्या गाळणीचा). नमुना पांढऱ्या कागदासमोर धरा, आकाशासमोर धरू नका. १०० एलएल एव्हगॅस फिकट निळं असतं आणि निळ्या आकाशासमोर काहीही निळं दिसतं. तळाला वेगळा थेंब किंवा रेघ शोधा. सापळा असा आहे की नमुना पूर्ण पाण्याचाच असेल तर रेघ दिसतच नाही, सगळं एकसारखं स्वच्छ दिसतं. म्हणून ‘रेघ नाही’ यावर थांबू नका. रंग निळा आहे का? वास पेट्रोलचा आहे का? बोटांवर घेतल्यावर झटकन उडून जातं का? तेलकट राहत असेल, रंग फिका पडला असेल, तर जेट इंधन मिसळल्याची शंका घ्या आणि तिथेच थांबा. पाणी निघालं तर निघायचं बंद होईपर्यंत नमुने घ्या, पंख हलवून पुन्हा घ्या, आणि एएमईंना कळवा. नमुना एप्रनवर ओतू नका, डबा ठेवलेला असतो.

मग वर चढा. पंखाच्या स्ट्रटवर (तिरक्या आधाराच्या दांड्यावर) पाय ठेवायची सोय त्यासाठीच दिली आहे. टोपी उघडून आत पाहा आणि डिपस्टिकने मोजा. काट्यावर विसंबू नका. मोजलेला आकडा, काट्याचा आकडा आणि टेक लॉगवरून हिशोबाने आलेला आकडा, हे तिन्ही जुळले पाहिजेत. न जुळले तर कारण सापडेपर्यंत उड्डाण नाही. टोपी लावल्यावर हात काढा, दोन श्वास घ्या आणि मग पुन्हा तिला हात लावून तपासा. लावणं आणि तपासणं एकाच हालचालीत झालं तर तपासणं झालेलंच नसतं.

टाकीचं व्हेंट (हवा आत येण्याचं छिद्र) डाव्या पंखाखाली, स्ट्रटजवळ. ते बुजलं असेल तर टाकीत पोकळी तयार होते आणि भरलेल्या टाकीतूनही इंजिनाला इंधन मिळेनासं होतं.

पायरी ६: छोटी छिद्रं

पिटो ट्यूब (समोरून येणाऱ्या हवेचा दाब घेणारी नळी) आणि स्टॅटिक पोर्ट (बाहेरच्या हवेचा दाब घेणारं छिद्र). वेग आणि उंचीचे काटे यांच्यावर चालतात. विमानावरच्या सगळ्यांत क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टी, आणि यांच्यामुळे मोठी विमानं गेली आहेत. ६ फेब्रुवारी १९९६ ला बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळलं, १८९ माणसं गेली. ते विमान काही आठवडे जमिनीवर उभं होतं. पिटो ट्यूब बुजली होती, बहुधा मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशीमुळे. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला एरोपेरूचं ७५७ लिमाहून रात्री उडालं. सफाईच्या वेळी स्टॅटिक पोर्टवर लावलेली चिकटपट्टी तशीच राहिली होती. वैमानिकांना उंची आणि वेग दोन्ही खोटे दिसत होते. ७० जणांचा जीव गेला. आणि १८ जुलै २०१८ ला ब्रिस्बेनहून मलेशिया एअरलाइन्सचं ए-३३० पिटोवरची तिन्ही आवरणं घेऊनच उडालं. वैमानिकांनी ते सुखरूप परत उतरवलं. ही आवरणं का लावली जातात? ब्रिस्बेनला माश्या फार, म्हणून. म्हणजे उपायच धोका होऊन बसला.

मातीची घरं करणाऱ्या कुंभारीण माश्या आपल्याकडेही कमी नाहीत. खिडकीच्या चौकटीत, मीटरच्या पेटीत त्यांची घरं तुम्ही पाहिलीच असतील. पावसाळ्यात ओली माती सहज मिळते आणि त्या दिवसांत घर चटकन उभं राहतं. म्हणून काल आवरण काढून पाहिलं हा आजचा पुरावा नाही. पिटोच्या तोंडात टॉर्चने पाहा, फुंकू नका. आत आर्द्रता जाते, कचरा आणखी आत जातो. स्टॅटिक पोर्टचं छिद्र १५२ मध्ये डाव्या बाजूला पुढे असतं. त्यावरून बोटाचं टोक हलकेच फिरवा, मेणाचा किंवा पट्टीचा थर बोटालाच कळतो. स्टॉल वॉर्निंगचं (पंखाची उचल संपत आल्याचा इशारा देणारं) छिद्रही पाहा.

टॉर्च दिवसाही हवी. काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत भर दुपारी अंधार असतो, आणि चिमण्या-साळुंक्यांना ती जागा फार आवडते. एक-दोन काड्या दिसल्या तर त्या ‘उडून आल्या असतील’ असं समजून पुढे जाऊ नका. पूर्ण उघडून पाहायला सांगा.

पायरी ७: कोणी हाक मारली तर

माझ्या मते अर्ध्याहून जास्त चुका इथे जन्मतात. तुम्ही टाकीवर चढलेले असता आणि खालून कोणीतरी म्हणतं, ‘अरे, डिस्पॅचवाले बोलवून राहिले तुला!’ तुम्ही उतरता, बोलता, परत येता, आणि मेंदू सांगतो की टोपी लावली होती. तो खोटं बोलत नसतो, त्याला कालची टोपी आठवत असते.

नियम असा ठेवा: हातातलं काम संपवूनच उत्तर द्यायचं. ‘दादा, दोन मिनिटं, टाकी झाली की येतो’ असं म्हटल्याने कोणी रागावत नाही. थांबावंच लागलं तर त्या भागाची तपासणी त्याच्या पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा करा, मग ती आठवत असो वा नसो. सोडून जाताना अर्धवटपणाची ठळक खूण ठेवा: काउलिंगचं दार उघडं, इंधनाचा नमुना घ्यायची नळी पंखाखाली उभी. इन्स्ट्रक्टर मंडळींनाही हे सांगणं आहे. फेरी चालू असताना विद्यार्थ्याला थिअरीचे प्रश्न विचारू नका. तो नम्रपणे उत्तर देईल आणि त्या नम्रतेपायी एक मुद्दा सुटेल.

पायरी ८: ऊन आणि घाई

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याला हात लागत नाही, आणि हात लागत नसला की हाताने तपासणं आधी बंद पडतं. सुती हातमोजे ठेवा, टोपी घाला, फेरीच्या आधी पाणी प्या. शक्य तर मुख्य तपासणी हँगरच्या सावलीत करा आणि बाहेर काढल्यावर छोटी फेरी घ्या.

उन्हात चूक महागही पडते. सोनेगाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० फुटांवर आहे. ४२ अंशांत तिथली हवा विमानाला साधारण ४,५०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ लागते. इंजिनाची ताकद आधीच उतरलेली असते, त्यात थोडं पाणी किंवा प्रॉपेलरची खाच पेलायला फार जागा उरत नाही.

घाईवर माझ्याकडे एकच इलाज आहे: फेरीला ठरलेली किमान वेळ. घड्याळ लावा. त्याआधी संपली तर ‘मी चपळ झालो’ असं समजू नका, एखादा कोपरा सुटला असं समजा. मग उरलेल्या वेळात उलट्या दिशेने दुसरी फेरी मारा, यादीशिवाय, फक्त डोळ्यांनी: टोप्या, आवरणं, दोर, चोक, टो-बार (विमान ओढायचा दांडा). सुरुवातीला मोजलेल्या लाल फितींचा आकडा इथे जुळवा.

पायरी ९: काही सापडलं तर

‘हे काही नाही बाप्पा, कालपासून तसंच आहे.’ हे वाक्य एप्रनवर ऐकू आलं तर ते तपासणीचं उत्तर मानू नका. कालपासून असेल तर टेक लॉगमध्ये असायला हवं. लॉगमध्ये असेल तर वाचा, नसेल तर लिहा. ‘चीर आहे’ एवढं न लिहिता कुठे, किती लांब, काय करताना दिसली ते लिहा, आणि निर्णय एएमईंवर सोडा.

सरांना सांगायला मुलं बिचकतात. ‘सर, उजव्या टायरला काहीतरी वाटतंय, पण नक्की नाही’ एवढं पुरेसं आहे. नक्की करणं हे विद्यार्थ्याचं काम नाही. इन्स्ट्रक्टरने जाऊन पाहावं, आणि काही नसलं तरी ‘बरं केलंस सांगितलंस’ एवढं जरूर म्हणावं. एकदा जरी ‘एवढ्यासाठी थांबवलंस?’ असं त्याला ऐकावं लागलं, तर पुढच्या वेळी त्याला दिसेल, पण तो सांगणार नाही.

सराव: दोष पेरा

वुल्फच्या प्रयोगाचा सरळ अर्थ असा की दोष अधूनमधून सापडत राहिले तर नजर जागी राहते. खऱ्या विमानात ते सापडू नयेत हेच आपल्याला हवं. मग ते आपणच ठेवायचे. महिन्यातून दोनदा, त्या दिवशी उडणार नसलेल्या विमानावर, एएमईंच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर इन्स्ट्रक्टरने चार-पाच खोट्या खुणा ठेवाव्यात: स्टॅटिक पोर्टवर रंगीत पट्टी, काउलिंगच्या तोंडाशी सुतळीचा तुकडा, सीटवर पडलेला कंट्रोल लॉक, टायरवर खडूने काढलेली चीर, पंखाखाली टांगलेला छोटा टॅग. किती आहेत ते विद्यार्थ्याला सांगू नका. कधीतरी एकही ठेवू नका, म्हणजे ‘पाच सापडले, झालं’ अशी सवय लागणार नाही. टाकी, तेल, बिजागर यांना या खेळात हात लावायचा नाही, काहीही उघडायचं किंवा सैल करायचं नाही.

ठेवलेल्या प्रत्येक वस्तूची यादी आधी कागदावर करा, खुणेसोबत जागाही लिहा. सराव संपल्यावर इन्स्ट्रक्टर आणि एएमई दोघांनी मिळून एकेक वस्तू काढून यादीवर टिक करावी, खडूची खूण पुसावी, दोघांनी सही करावी आणि तो कागद टेक लॉगसोबत लावावा. यादीतली एक जरी वस्तू हाती आली नाही, तर ती मिळेपर्यंत विमान उड्डाणाला द्यायचं नाही.